तिसऱ्या खोलीतलं नागपूर

दिवाकर गेला त्या दुपारी मी शिवाजीनगरच्या बाजारात कूलरच्या ताट्या शोधत होते. बंगळुरात कूलरच्या बाजूंना लावायच्या ताट्या, आणि त्याही वाळ्याच्या! दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. एकानं तर हसून विचारलं, "अम्मा, इथं कूलर कशाला, इथं पंखासुद्धा चैन आहे." आता तसं काही उरलेलं नाही, एप्रिलमध्ये इथेही अंगाची काहिली होते, पण बंगळूरचा माणूस ते कबूल करेल तर शपथ. शेवटी एका बोळात जुने पत्र्याचे कूलर दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या चाचांच्या माळ्यावर मिळाल्या. त्यांनी धूळ झटकून त्या पिशवीत कोंबल्या, मी रस्त्यावर येऊन रिक्षाला हात करत होते, तेवढ्यात शेजारच्या मल्लप्पा अण्णांचा फोन आला. अण्णा अथणीकडचे. मराठी बोलतात पण कानडी वळणाचं, आणि फोनवर आधी "ऊट झालं का?" विचारल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. त्या दिवशी त्यांनी जेवणाचं विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "वैनी, कुठं हायसा? लगेच या." मला तिथेच कळलं. मारतहळ्ळीपर्यंतचा सगळा रस्ता मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि रिक्षाभर वाळ्याचा वास पसरला होता...

आता महिना उलटून गेला. भेटायला येणारे सांगतात, लिहा, मन मोकळं होईल. मन मोकळं व्हावं म्हणून मी लिहीत नाहीये. मला राग आलेला आहे, आणि घरात तो ठेवायला जागा नाही, म्हणून लिहितेय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. दिवाकरबद्दल चांगलं बोलायला मला काही कष्ट नाहीत. कष्ट बाकीच्यांबद्दल बोलताना पडतात.

दिवाकर माझा नवरा. मी त्याला अरे-तुरे करते. नागपुरात एकाच कॉलेजात होतो, लग्नही आपलं आपण ठरवलेलं, तेव्हा नंतर अचानक "अहो" म्हणणं मला काही जमलं नाही. माझ्या नणंदेला, कुंदाताईंना, हे कधीच आवडलं नाही. कुंदाताई दिवाकरपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा त्यांनीच याला वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही, गाण्याचा क्लास काढला आणि त्यावर घर चालवलं. हे सगळं खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. लहानपणी ताईच्या रियाजाला तंबोरा धरायचं काम दिवाकरचं. पहाटे उठवून बसवायच्या. हा डोळे मिटलेलेच ठेवून तारा छेडत राहायचा, आणि पेंगून लय हलली की ताईंचा हात मागून टाळक्यात. हे सांगताना दिवाकर हसायचा. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही, पण त्याच्या दृष्टीनं जगातली सगळ्यात चांगली जागा तीच होती, ताईच्या पाठीमागची.

मग नोकरी लागली ती बंगळुरात, यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात. निघताना ताई एवढंच म्हणाल्या, "पळ. थंड हवेत पळ." ही गोष्ट त्यांनी पुढे तीस वर्षं सोडली नाही. आम्ही दर दिवाळीला नागपूरला जात होतो. त्या मात्र एकदाही इकडे आल्या नाहीत. आमचं लग्न झालं, लेक झाली, तिचं बारसं झालं, मारतहळ्ळीला हे घर घेतलं, वास्तुशांत झाली... प्रत्येक वेळी दिवाकर गाडीचं तिकीट काढून पाठवायचा आणि प्रत्येक वेळी क्लास असायचा, नाहीतर गुडघा असायचा. मी चिडले की तो म्हणायचा, "जाऊ दे ना गं. तिला सवय नाही प्रवासाची." सवय नाही! त्याच ताई शिष्यांना घेऊन इंदूरला जात, ग्वाल्हेरला जात. पण बोलून उपयोग नव्हता. बहिणीविरुद्ध एक शब्द त्याच्या कानात शिरायचा नाही.

तंबोऱ्याचं वेड त्याला चाळिशीनंतर लागलं. सुट्टी टाकून मिरजेला जाऊन बसायचा, तिथल्या एका कारागिराकडे. आधी नुसता बघायचा, मग त्यांनी हातात पटाशी दिली. भोपळा कसा निवडायचा, त्याच्या तोंडावर बसवायची ती पातळ लाकडी तबली कशी तासायची, सरस किती पातळ करून लावायचा... दोन-तीन वर्षं हे चाललं. मग घरी येऊन त्यानं स्वतःचा पहिला तंबोरा केला. तो कुणासाठी हे विचारायची गरजच नव्हती. दिवाळीला आम्ही तो नागपूरला नेला. ताईंनी छेडून पाहिला, डोळे मिटले, बराच वेळ उघडले नाहीत. मग म्हणाल्या, "ठीक आहे." दिवाकरचा चेहरा बघायला हवा होता, बाप्पा! मेडल मिळालं असतं तरी एवढा फुलला नसता. तंबोरा वरच्या मजल्यावर गेला, पत्र्याच्या छपराच्या खोलीत, जिथे नवशिकी मुलं बसतात. खाली हॉलमध्ये ताईंचा स्वतःचा जुना तंबोरा असायचा आणि त्याच्या शेजारी दुसरं वाद्य ठेवायची कुणाची छाती नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी आम्ही गेलो तेव्हा तबली उभी चिरली होती. बोट जाईल एवढी फट. क्लासची सगळी पोरं होती, त्यांच्या पालकांपैकी दोघी-तिघी होत्या, आणि त्या सगळ्यांसमोर ताई म्हणाल्या, "दिवूचा तंबोरा दिवूसारखाच. बंगलोरात गोड वाजते, ऊन लागलं की फुटते." सगळे हसले. दिवाकरही हसला. परतीच्या गाडीत मी डबा उघडला तर म्हणाला, भूक नाही. बल्लारशापर्यंत खिडकीबाहेर बघत होता. मग एकदम म्हणाला, "तिची चूक नाही. माझी आहे. लाकूड इथल्या हवेत वाढलं. ओल पिऊन फुगलेलं लाकूड मी नेऊन मे महिन्यात ठेवलं. ते आकसणारच. त्याला नागपूर माहीतच नव्हतं." मी म्हटलं, "दिवाकर, ताईंनी चारचौघांत तुझा अपमान केला, आणि तू लाकडाचं काय सांगून राहिला?" तर म्हणे, "लाकडाचंच तर आहे."

त्यातून आमच्या घरात नागपूर आलं.

तिसरी खोली लेकीची होती. ती लग्न होऊन मेलबर्नला गेली, आणि दिवाकरनं नोकरीतून लवकर निवृत्ती घेऊन त्या खोलीचा ताबा घेतला. खिडकीच्या सगळ्या फटी चिकटपट्टीनं बुजवल्या. दाराला खालून रबराची झालर लावली. एक गरम वारा फेकणारा हीटर आणला आणि हवेतला ओलावा ओढून घेणारं एक यंत्र आणलं. त्या यंत्राला तो अगस्ती म्हणायचा, कारण ते आख्खी बंगळूरची हवा पिऊन टाकायचं. पावसाळ्यात अगस्तीच्या पोटातलं भांडं रोज भरायचं आणि मी ते पाणी तुळशीला घालायचे. भिंतीवर दोन काटे लावले, एक उष्णतेचा, एक ओलाव्याचा. सकाळी उठल्यावर माणसं देवाला हात जोडतात, हा आधी ते काटे बघून यायचा. मधल्या एका मे महिन्यात तो एकटाच नागपूरला जाऊन आला होता आणि वरच्या पत्र्याच्या खोलीत आठ दिवस काटे लावून बसला होता, सकाळी किती, भर दुपारी किती, दिवेलागणीला किती. तीच हवा त्यानं इथे दाराआड तयार केली. लाकडाच्या फळ्या, दांडीचं तुणीचं लाकूड, भोपळे, सगळं त्या हवेत वर्ष-वर्ष ठेवून द्यायचा. म्हणायचा, "आधी त्यांना नागपुरात राहू दे. मग कापू."

आणि त्या खोलीचे नियम! ओले हात घेऊन आत जायचं नाही. केस धुतले असतील तर दारातूनसुद्धा बोलायचं नाही. फरशी पुसली की तासभर दार उघडायचं नाही. कुकरची शिटी झाली की मी आधी स्वयंपाकघराचं दार लावायचं. बंगळुरात कुरडया वाळत नाहीत, दोन दिवसांत बुरशी धरतात, आणि माझ्या घरात खणखणीत नागपूरचं ऊन कोंडून ठेवलेलं! एकदा मी कुरडयांचं ताट घेऊन त्या दारात उभी राहिले. दिवाकर असा किंचाळला की जणू मी विस्तवच घेऊन आले होते. "अगं, केवढा ओलावा तो!" मी म्हटलं, "तुझ्या बहिणीसाठी ऊन आहे, माझ्या कुरडयांसाठी नाही?" त्यानंतर दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं गच्चीवर काचेची पेटी करून दिली, त्यात कुरडया वाळल्या, छान फुलल्याही. पण मी ते त्याला सांगितलं नाही.

रोज सकाळी नाश्ता झाला की तो अंग कोरडं करायचा, घाम टिपायचा, नागपूरची माणसं उन्हात निघताना बांधतात तसा डोक्याला आणि कानाला दुपट्टा बांधायचा आणि दारातून मला हाक मारायचा, "चल, नागपूरला जाऊन येतो." जेवायला बाहेर यायचा तो घामानं निथळत. मी कैरीचं पन्हं तयार ठेवायचे. ते पिऊन म्हणायचा, "आज बर्डीवर फार ऊन होतं," म्हणजे नागपूरच्या भर बाजारात. हा आमचा रोजचा विनोद. विनोद तरी किती दिवस ताजा राहणार, पण मी रोज हसायचे.

त्या खोलीची एक भिंत अण्णांच्या हॉलला लागून. अण्णा परिवहन खात्यातून निवृत्त झालेले, एकटे, सकाळी पेपर वाचायला त्या भिंतीला टेकून बसायचे. एके दिवशी बेल वाजवून म्हणाले, "वैनी, तुमच्या भिंतीला ताप आलाय की ओ." मला वाटलं आता भांडण. दिवाकरनं त्यांना खोलीत नेलं, सगळं दाखवलं. बाहेर आले तेव्हा अण्णा घामाघूम. "स्वल्प हुच्च आहेत तुमचे यजमान," मला म्हणाले. हुच्च म्हणजे खुळा. "पण सरी, चालतंय. थंडीत माझ्या पाठीला बरं पडंल." तेव्हापासून दोघांचं जमलं ते जमलं. दुपारी चहा टाकला की अण्णा त्या भिंतीवर टकटक करायचे, दिवाकर आतून टकटक करायचा, म्हणजे येतोय. दिवाकर मात्र अंग कोरडं करूनच चहाला जायचा आणि कोरडा होऊनच खोलीत परत यायचा.

दुसरा तंबोरा व्हायला बरीच वर्षं लागली. दोन त्यानं मधेच मोडून टाकले, पुरेसे "नागपूरकर" झाले नाहीत म्हणून. मग दोन वर्षांपूर्वी एक जमला. रंग मधासारखा, तबली अशी की वरून बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते कळू नये. दिवाळीला नेला. या वेळी ताईंनी "ठीक आहे" म्हटलं नाही. दोन तास गायल्या. सत्तरी उलटलेली बाई, आवाज थोडा कापरा झालेला, पण त्या तंबोऱ्याच्या झंकारात अशा काही लागल्या की मीसुद्धा, जिला त्यांच्याबद्दल एक गोड शब्द सुचत नाही ती मीसुद्धा, हातातलं काम टाकून दारात उभी राहिले. दिवाकर मागे बसून तारा छेडत होता. डोळे मिटलेले. लय हलली नाही.

निघताना तो ताईंना म्हणाला, "आता याला काही होणार नाही. वर बिनधास्त ठेव. पत्रा तापू दे कितीही." ताई म्हणाल्या, "बरं बरं."

गेल्या वर्षी मे महिन्यात फोन आला. फोन स्पीकरवर असायचा, दिवाकरला अलीकडे डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून प्रत्येक शब्द माझ्याही कानावर पडला. "दिवू, तुझा तंबोरा उखडला रे. तबली बाजूनं उचलली, फुगून वर आली. सरस सुटला." दिवाकर म्हणाला, "शक्यच नाही. वरच्यापेक्षा जास्त ऊन मी त्याला इथे..." ताई म्हणाल्या, "वर कुठे? खाली हॉलमध्ये होता. माझ्या तंबोऱ्याशेजारी." दिवाकरनं फोन तोंडाजवळ ओढला. मग हळूच म्हणाला, "ताई, हॉलमध्ये कूलर असते ना." "असते तर! खिडकीतच आहे. त्याच्यासमोरच ठेवला होता, चांगला गार. मग काय एवढा चांगला तंबोरा वर उन्हात भाजू देऊ?" आणि वर म्हणाल्या, "तुझ्या हाताला यशच नाही रे दिवू. दोनदा केला, दोनदा तेच."

ज्यांनी नागपूरचा उन्हाळा काढलाय त्यांना समजावून सांगायला नको. बाहेर हवा भट्टीसारखी कोरडी असते, पण कूलरसमोरची हवा ओली असते, ओल्या वाळ्यातून येणारी, इतकी की मीठसुद्धा पाझरतं. दिवाकरनं लाकडाला कोरडं व्हायला शिकवलं होतं, हाडापर्यंत कोरडं. ते ओल्या वाऱ्यात दिवसरात्र उभं केलं. फुगणारच, सरस सुटणारच. स्वतः जन्मभर कूलरसमोर चटई टाकून झोपलेला मुलगा, आणि त्याला कूलर सुचला नाही. का सुचला नाही? कारण आपला तंबोरा हॉलमध्ये जाईल, ताईच्या तंबोऱ्याशेजारी उभा राहील, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पत्र्याची खोली हीच आपली जागा, हे त्यानं मनाशी धरलेलं होतं. आठ दिवस तो नागपूरची हवा मोजत होता तो वरच्या मजल्यावर. खाली उतरून त्यानं काटा एकदाही लावला नाही.

मी फोन हिसकावणार होते. माझ्या तोंडावर आलं होतं की ताई, तुमच्या हाताला काय यश आहे ते मी सांगते. पण दिवाकरकडे बघितलं तर त्याचा चेहरा... काय सांगू! पहिल्या तंबोऱ्याला "ठीक आहे" मिळालं तेव्हा होता तसा. फोन ठेवून मला म्हणाला, "ऐकलंस? तिनं खाली ठेवला. हॉलमध्ये ठेवला!" मी म्हटलं, "अरे मेल्या, तुझी इतक्या वर्षांची मेहनत उखडली, तुला शिव्या खाव्या लागल्या, आणि तू हसून काहून राहिला?" तर म्हणे, "शिव्या तर ती देतेच. पण खाली ठेवला ना." मला रडू आलं ते त्या तंबोऱ्याचं नाही. या माणसाला आयुष्यभर इतकं थोडं मिळालं होतं की एवढ्यावर तो खूश झाला, याचं आलं. आजही तेच आठवून येतं, आणि रडण्याबरोबर संताप येतो.

लगेच तो तिसऱ्याच्या मागे लागला. आता लाकडाला दोन्ही शिकवायचं ठरलं. सकाळी हीटर आणि अगस्ती, दुपारी कूलर, पुन्हा हीटर. कुठून तरी जुना कूलर आणून बसवला. त्याच्या ताट्या प्लास्टिकच्या होत्या, ते त्याला पसंत नव्हतं. म्हणायचा, ताईकडे वाळा आहे, इथेही वाळाच हवा, पाणी तसंच झिरपलं पाहिजे. मी म्हटलं, "तू साठीला आला. हे उन्हातून गारव्यात, गारव्यातून उन्हात, तुझं लाकूड सहन करेल, तू करशील का?" त्यावर त्यानं छातीवर थाप मारून दाखवली. गेल्या वर्षभर हेच चाललं होतं. दांडी झाली, भोपळा कापून झाला, तबली तासून तयार झाली, आता फक्त चिकटवायची होती. पण त्याच्या आधी वाळ्याच्या ताट्या लावून एक महिना काढायचा होता. म्हणून मी शिवाजीनगरला गेले होते.

त्या दुपारी अण्णांनी चहा टाकला आणि भिंतीवर टकटक केली. आतून उत्तर आलं नाही. पुन्हा केली. मग आमच्या घराची त्यांच्याकडे असते ती किल्ली घेऊन आले. दिवाकर त्याच भिंतीला टेकून बसला होता. डोक्याला दुपट्टा, मांडीवर तबली. डॉक्टर म्हणाले, हृदय, कुठेही झालं असतं, बागेत बसले असते तरी झालं असतं. पण लोकांना गोष्ट हवी असते. आमच्या मराठी मंडळातल्या बायका मला जवळ घेऊन म्हणाल्या, "बंगळुरात उष्माघात, बाई, ऐकलं नव्हतं कधी." आणि कुंदाताई फोनवर म्हणाल्या, "त्या खोलीनं खाल्लं माझ्या भावाला. तू कशी करू दिली त्याला खोली?" मी कशी करू दिली! मी फोन बाजूला ठेवला आणि मेलबर्नहून आलेल्या लेकीला म्हटलं, तूच बोल आत्याशी.

ताई आल्या नाहीत. गुडघा होता. नागपूरला त्यांनी शोकसभा ठेवली, आणि तिचा व्हिडिओ त्यांच्या एका शिष्येनं मला मोबाइलवर पाठवला. तोच हॉल. दिवाकरचा फोटो, मोगऱ्याचा हार. ताई गायल्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते खोटं नव्हतं, मी तसं म्हणणार नाही. पण साथीला तंबोरा नव्हता. एक लहानशी पेटी होती, बटण दाबलं की तंबोऱ्यासारखा आवाज काढणारी. आणि मागे, फोटोच्या बाजूला, भिंतीला टेकवून ठेवलेला त्याचा उखडलेला तंबोरा, त्यालाही हार. मी ते तिथवर पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. हवेनं काही होत नाही त्या पेटीला. दिवाकरला हे आधी सुचलं असतं तर!

परवा ताईंचा पुन्हा फोन आला. आवाज खाली उतरलेला होता. म्हणाल्या, "तिसरा तंबोरा आहे म्हणे अर्धा झालेला. मला पाठवून दे. त्याची शेवटची खूण. इथे कुणाकडून तरी पुरा करून घेईन." क्षणभर मला त्यांची दया आली. शेवटी त्यांचाही तो एकच भाऊ होता. मी म्हटलं, "ताई, पाठवत नाही. मिरजेहून माणूस बोलावून मी तो इथेच पुरा करून घेणार आहे. तुम्ही या. ज्या खोलीत त्यानं तुमच्यासाठी तो केला ती बघा. इथे बसून गा. मी तारा छेडीन, मला येत नाही, पण शिकेन." मी हे मनापासून म्हटलं, टोमणा म्हणून नाही. मग ताई म्हणाल्या, "बंगलोरला? नाही गं बाई. तिथली हवा मला मानवत नाही."

...

एकदाही न पाहिलेली हवा.

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तिसऱ्या खोलीत गेले. महिनाभर मी ती खोली त्यानं सोडली तशीच ठेवली होती, म्हणजे हीटरसकट. सकाळी मीच लावायचे, अगस्तीचं भांडं मीच रिकामं करायचे, काटे मीच बघायचे. कशासाठी, ते विचारू नका. हाताला सवय लागली होती. दाराच्या खुंटीवर त्याचा दुपट्टा तसाच आहे. खाली शिवाजीनगरची पिशवी, न उघडलेली, तिच्यातून वाळ्याचा वास येतो. तबली मेजावर पडलेली. मी हीटरचं बटण बंद केलं, मग अगस्तीचं. मग खिडकीच्या चिकटपट्ट्या सोलायला लागले. वर्षानुवर्षांच्या तापानं त्या काचेला घट्ट बसल्या होत्या, नखं दुखली. खिडकी उघडली तेव्हा बाहेर पाऊस येऊन गेलेला होता. हवा आत आली, सगळे म्हणतात तशी बंगळूरची छान हवा. ओलाव्याचा काटा चढत गेला आणि मी तो चढू दिला. आता या लाकडाला इथेच राहायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. अण्णा होते, हातात पेपर, चष्मा कपाळावर. म्हणाले, "वैनी, भिंत गार पडली की ओ." मी म्हटलं, "हो अण्णा." ते तिथेच उभे राहिले. "स्वल्प दिवस चालू ठेवला असता तर..." एवढंच म्हणाले. मग आत आले, न विचारता तिसऱ्या खोलीत गेले आणि दिवाकर टेकून बसला होता त्या जागी भिंतीवर तळहात ठेवून उभे राहिले. मला वाटलं आता हे टकटक करतील. केली नाही त्यांनी. मी खुंटीवरचा दुपट्टा काढला आणि घडी घातली.

"नागपूर बंद केलं अण्णा मी," मी म्हटलं. "तिकडून कुणी यायचं नव्हतं."